गोरेगाव, पण मुंबईचं नव्हे!

मुलांनो, 'गोरेगाव' म्हटलं की तुमच्यापैकी निम्म्याजणांना मुंबईची लोकल आठवली असेल. जोगेश्वरी, राम मंदिर आणि मग गोरेगाव! रायगडच्या मुलांना माणगावजवळचं गोरेगाव आठवेल. हिंगोलीची मुलं म्हणतील, "आमच्याकडेही आहे की गोरेगाव!" पण आज आपण निघालोय चौथ्याच गोरेगावला.

महाराष्ट्राचा नकाशा काढा. मुंबईवर बोट ठेवा आणि उजवीकडे सरकवत न्या. नाशिक गेलं, अमरावती गेली, नागपूरही मागे पडलं, तरी थांबू नका. जिथं आपल्या राज्याची कड मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागते, तिथं गोंदिया जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा झाला. गोंदिया शहरातून कोहमाऱ्याकडे जाणारा रस्ता धरला, की सुमारे २० किलोमीटरवर लागतं ते आपलं गोरेगाव. तालुक्याचं गाव. रेल्वेनं यायचं असेल, तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं हिरडामाली स्टेशन जवळ पडतं.

आता आधीच सांगून ठेवतो. इथं शनिवारवाडा नाही, की ताजमहाल नाही. पुस्तकात ज्यांचे फोटो येतात ती ठिकाणं, म्हणजे नागझिऱ्याचं जंगल आणि नवेगावबांधचा तलाव, या गावाच्या आसपासच्या मुलखात आहेत. लोक तिकडे वाघ बघायला जातात आणि गोरेगावच्या चौकात फक्त चहापुरते थांबतात. आपण मात्र इथं अख्खा दिवस काढणार आहोत.

समजा, दिवाळीच्या सुट्टीत तुमचं निसर्गशिबिर याच भागात भरलंय. जंगलाबाहेरच्या एखाद्या गावात तंबू ठोकलेत. तीन दिवस पहाटे उठून, थंडीत कुडकुडत जंगल पाहून झालं. आठवड्यातून एक दिवस जंगल सफारी बंद असते, तो दिवस उजाडला. शिबिरातले दादा म्हणाले, "आज मोकळा दिवस. गोरेगावात चला." लगेच कुणीतरी विचारणारच, "पण तिथं बघायला काय आहे?"

त्यावर एक युक्ती आहे, बरं का. लहान गावात गेलं की 'प्रेक्षणीय स्थळं' शोधत बसायचं नाही. एकच वस्तू पकडायची आणि ती आली कुठून, चालली कुठं, हे विचारत दिवसभर फिरायचं. गोरेगावात ही वस्तू शोधावी लागत नाही. ती सगळीकडे आहे. ती म्हणजे धान! आपण ज्याला भाताचं पीक म्हणतो, त्याला इथं धान म्हणतात. चला तर, आज धानाच्या मागोमाग फिरू.

सकाळी तलावाच्या पाळीवर

धानाची गोष्ट शेतात सुरू होत नाही. ती सुरू होते तलावावर. गोरेगावच्या आसपास कुठल्याही गावात विचारा, "तुमच्या गावचा तलाव कुठाय?" बहुतेक ठिकाणी हात करून दाखवतील. मोठा असेल तर तलाव, लहान असेल तर बोडी. भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांना तलावांचे जिल्हे म्हणतात ते उगीच नाही. असे हजारो तलाव या पूर्व विदर्भात आहेत, आणि त्यातले बरेचसे निसर्गानं नव्हे, माणसांनी केलेले आहेत.

तलावाच्या मातीच्या बांधाला इथं 'पाळ' म्हणतात. पाळीवर सकाळी सातला उभे राहा. पाण्यावर धुकं असतं. कमळाच्या पानांवरून लांबलचक बोटांचा कमळपक्षी टुणटुण चालतो. काठाला बगळे आणि ढोकरी ध्यान लावून बसलेले असतात. आता पक्ष्यांवरून नजर काढा आणि जमिनीकडे बघा. एका बाजूला झाडीचा चढ आहे, दुसऱ्या बाजूला उतारावर शेतं. पावसाचं पाणी जंगलाच्या चढावरून ओघळत येतं, पाळीपाशी अडतं आणि मोरीतून हवं तेव्हा शेतात सोडता येतं. पंप नाही, वीज नाही. सगळं काम उताराचं! जास्तीचं पाणी सांडव्यावरून पुढच्या नाल्यात जातं आणि कित्येकदा खालच्या गावच्या तलावात पोचतं. वरचा तलाव भरला की खालच्याचा नंबर.

हे कुणी बांधलं? इथल्या कोहळी समाजाची त्यासाठी ख्याती आहे. जमिनीचा उतार डोळ्यांनी ओळखून पाळ कुठं घालायची हे ठरवण्यात ही माणसं तरबेज. याच जिल्ह्यातला नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला, असं सांगतात. त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. पुढे गावं मालगुजारांच्या ताब्यात आली आणि हे तलाव 'मालगुजारी तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. कागदावर त्यांचं नाव झालं 'माजी मालगुजारी तलाव'. सरकारी कागदांत, बातम्यांत त्याचं छोटं रूप वापरतात, 'मामा तलाव'! ऐकायला किती गोड वाटतं ना?

पण मामाची तब्येत बरी नाही. पूर्वी पाळीची डागडुजी करायला, गाळ काढायला गाव एकत्र येई. पुढे "तलाव आता सरकारचा" म्हणून गावाचे हात थांबले. एवढ्या हजारो तलावांकडे लक्ष देणं सरकारलाही जमेना. गाळ साचला. काठावर बेशरम नावाचं झुडूप माजलं. (नाव खरंच तेच आहे. कितीही उपटा, लाज न वाटता पुन्हा उगवतं!) तळ उथळ झाला, की पाणी कमी मावतं. पाणी कमी, तर मासे कमी आणि शिंगाडेही कमी. या तलावांतली मासेमारी आणि शिंगाड्याची शेती ढीवर समाजाच्या हातात आहे. तेव्हा तलाव आजारी पडला की पहिला चिमटा त्यांच्या पोटाला बसतो.

पण मुलांनो, यात एक चांगली बातमीही आहे. याच जिल्ह्यात, अर्जुनी-मोरगावच्या बाजूला, काही गावांतल्या ढीवर समाजाच्या बायकांनी गुडघाभर चिखलात उतरून बेशरम उपटली आणि तळाशी पुन्हा देशी पाणवनस्पती लावल्या. कारण गावठी मासे त्यातच राहतात, त्यातच वाढतात. हे त्यांना कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. आजोबा-पणजोबांच्या अनुभवातून ते घरात चालत आलं होतं.

दहा वाजता बांधीत

पाळीवरून खाली उतरलं की धानाची शेतं. चारी बाजूंनी मातीचे बांध असलेल्या शेताच्या तुकड्याला इथं 'बांधी' म्हणतात. जुलै-ऑगस्टात चिखलात वाकून रोपं लावतात, ती 'रोवणी'. आता दिवाळीच्या सुमाराला लवकर येणारं हलकं धान कापून झालेलं असतं, आणि उशिराचं भारी धान पिवळंधमक उभं असतं.

बांधावर बसलेल्या एखाद्या आजोबांना नमस्कार करा आणि विचारा, "आजोबा, एवढा पाऊस पडतो इथं, मग तलाव कशाला हवा?" या प्रश्नावर ते खूश होतील. कारण गुपित इथंच आहे. पावसाळा सप्टेंबरअखेर आटपत येतो, आणि भारी धानाच्या लोंबीत दाणा भरायचा असतो नेमका त्यानंतर. तेव्हा एक-दोन पाणी मिळालं नाही, तर लोंबी दिसते छान पण आत दाणा नाही, नुसतं पोकळ टरफल! चार महिन्यांची मेहनत त्या एका पाण्यावर अडते. ते शेवटचं पाणी तलाव देतो.

म्हणून सकाळी पाहिलेला गाळ नुसता घाण दिसते म्हणून वाईट नाही. तलावात जेवढा गाळ, तेवढं ऑक्टोबरचं पाणी कमी. मग कुणाच्या तरी बांधीत धान पोकळ राहणार, आणि त्या घरच्या मुलाची वही किंवा ताईची कॉलेजची फी पुढच्या वर्षावर जाणार. हे गणित लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट. याच जिल्ह्यात, गोंदियाच्या बाजूच्या काही गावांत, धानाच्या शेतात सारस पक्षी घरटं करतो. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये जगात सर्वांत उंच हाच. उभा राहिला की तुमच्या बाबांच्या उंचीला येईल! महाराष्ट्रात आता मोजकेच सारस उरलेत आणि त्यांचं मुख्य घर हेच. ज्या शेतकऱ्याच्या बांधीत सारसाचं घरटं असतं, तो ते सांभाळतो म्हणूनच पिल्लं जगतात.

भर दुपारी बाजारात

आठवडी बाजाराचा दिवस साधता आला तर उत्तमच. नाहीतर रोजची भाजीची दुकानं आहेतच. तिथं पुण्या-मुंबईच्या मुलांची खरी परीक्षा असते. मावशी विचारतील, "सांभार पाहिजे का?" तुम्ही इडली शोधायला लागाल! विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर. जांब म्हणजे पेरू. आलू म्हणजे बटाटे, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, आणि कोचई म्हणजे अळूचे कंद. वहीत दोन रकाने आखा. एकीकडे आपला शब्द, दुसरीकडे इथला. संध्याकाळपर्यंत पान भरतं की नाही बघा.

कान जरा टवकारले तर आणखी मजा. एका टोपलीभोवती मराठी चाललेली असते, तिच्यातही झाडीबोलीचा खास हेल. शेजारी दोन आजी पोवारीत बोलत असतात. पोवार समाजाची मंडळी पूर्वी माळव्याकडून इकडे आली, ती आपली बोली घेऊन. कुणी हिंदीत भाव करतो, तर जंगलाकडच्या गावातून आलेली माणसं आपसात गोंडीत बोलतात. चार भाषा, आणि शिंगाड्याचा भाव सगळ्यांना एकच!

हो, शिंगाडे घ्यायला विसरू नका. उपासाचं पीठ तुम्हाला माहीत असतं, पण ताजे शिंगाडे कितीजणांनी खाल्लेत? उकडलेले काळे शिंगाडे सोलताना शिंगांपासून बोटं सांभाळा. आतला गर पांढरा आणि किंचित गोड. सकाळी जो तलाव पाहिला, तसल्याच तलावातून ते आलेत.

आता धान्याच्या दुकानाकडे वळा. पोत्यांवरची नावं वाचा. एका पोत्यावर बहुधा दिसेल 'एचएमटी'. अरे, हे तर घड्याळाच्या कंपनीचं नाव! तांदळाला कसं?

त्याची गोष्ट अशी. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर पुढे नागभीड लागतं. त्या तालुक्यात नांदेड नावाचं छोटं खेडं आहे. (हेही मराठवाड्यातलं नव्हे, बरं का!) तिथं दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना आपल्या धानात दोन-तीन वेगळ्याच रंगाच्या लोंब्या दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या बाकीच्या धानात कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. कित्येक वर्षं! त्यातून बारीक दाण्याचा, चवीला छान असा नवा तांदूळ तयार झाला. त्याला नाव नव्हतं. तेव्हा एचएमटीची घड्याळं सगळ्यांच्या मनगटावर असत, म्हणून एका व्यापाऱ्यानं तेच नाव देऊन टाकलं. हा तांदूळ राज्याबाहेरही पसरला. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला. पैसा मात्र त्यांच्या हाती फारसा लागला नाही. २०१८ मध्ये ते वारले. दुकानात 'एचएमटी' वाचलंत की घड्याळ आठवा, पण दादाजींनाही आठवा.

तीन वाजता गिरणीत

जेवण झालं, झाडाखाली एक डुलकीही झाली. आता धानाचा तांदूळ होतो कसा ते बघायला भातगिरणी गाठू. गोंदिया जिल्ह्यात अशा गिरण्या खूप आहेत. आधी मालकांची परवानगी घ्यायची, मोठ्यांसोबतच आत जायचं आणि फिरत्या पट्ट्यांपासून लांब उभं राहायचं.

आत जाताच कोंड्याचा गोडसर वास येतो आणि घडघड आवाजानं कान बसतात. यंत्रात रबराचे दोन रूळ असतात. दोघांचा वेग वेगवेगळा. धान मधून जाताना दोन्हीकडून घासलं जातं आणि टरफल निघतं, जसं तुम्ही दोन तळहातांत भाजलेले शेंगदाणे चोळता तसंच! मग वारा टरफल उडवून लावतो आणि पुढच्या यंत्रात दाण्याला पॉलिश होतं.

आता एक गणित. १०० किलो धान गिरणीत घातलं, तर साधारण ६७ किलो तांदूळ मिळतो. सुमारे २० किलो टरफल, आणि बाकीचा मुख्यतः कोंडा. मग तुमच्या घरी महिन्याला १० किलो तांदूळ लागत असेल, तर त्यासाठी शेतात धान किती पिकायला हवं? (उत्तर: सुमारे १५ किलो.) वाया काहीच जात नाही. टरफल जळणाला, कोंड्यातून तेल, तुटलेला तांदूळ म्हणजे 'कनकी' वेगळी विकली जाते, आणि शेतात उरलेली तणस गुरांच्या चाऱ्याला.

दिवेलागणीला मंडई

दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं, की या मुलखात मंडईचे दिवस सुरू होतात. पुण्याची भाजीमंडई नव्हे हो! इथं मंडई म्हणजे जत्रा. आज या गावात, उद्या त्या गावात. पाळणे, फुगे, जिलबी, माहेरी आलेल्या आत्या आणि गावभर पाहुणे. रात्री दंडार किंवा नाटक. दंडार ही इथली जुनी लोककला. बायकांची कामंही पुरुषच करतात आणि सोबत गाणं, नाच आणि भरपूर हसू. या सगळ्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात आणि तिथल्या नाटकांना झाडीपट्टी रंगभूमी. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, आणि प्रेक्षक शाल पांघरून जागचे हलत नाहीत! या रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

हाही धानाचाच प्रवास, बरं का. पीक चांगलं तर मंडई जोरात. ऑक्टोबरचं पाणी चुकलं, तर पाळणेवालाही उदास.

परतीचा रस्ता

पहाटेपर्यंत थांबायची परवानगी शिबिरात मिळणार नाही, तेव्हा थोडी दंडार पाहून तंबूकडे निघायचं. आणि निघताना गाडी चालवणाऱ्या काकांना एक विनंती करायची, "काका, जंगलात गाडी हळू घ्या."

कारण सांगतो. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. प्रकल्पाचं नाव एक, पण नवेगाव आणि नागझिरा ही दोन जंगलं वेगवेगळी, मध्ये गावं, शेतं आणि रस्ते. गोरेगावहून कोहमाऱ्याकडे जाताना मुरदोलीचं जंगल लागतं, ते वाघ-बिबट्यांच्या या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे. जनावरांना 'रस्ता ओलांडण्यापूर्वी दोन्हीकडे पाहा' हा धडा कुणी शिकवलेला नसतो. ऑगस्ट २०२३ मध्ये याच रस्त्यावर एका मोटारीची धडक बसून वाघ मेला. शिबिरात तीन दिवस ज्याच्या पावलांचे ठसे शोधत तुम्ही फिरलात, तोच वाघ, मुलांनो.

आणि वाघाचं जंगल राहिलं, तरच तलावाकडे ओघळत येणारं पाणी राहील, हे तुम्ही सकाळी पाळीवर उभे राहून पाहिलंच आहे. जंगलाचं पाणी तलावात, तलावाचं बांधीत, बांधीतलं धान गिरणीत, गिरणीतला तांदूळ तुमच्या ताटात, आणि उरलेला आनंद मंडईत! एका दिवसात, पायी-पायी, तुम्ही ही सगळी साखळी पाहिलीत. तिकीट काही लागलं नाही.

आई-बाबांसाठी एक सूचना. मुलांना पाळीवर जरूर न्या, पण पाण्यात उतरू देऊ नका. गाळाचा अंदाज येत नाही. बांधावरून चालताना पुढे एक मोठं माणूस असू द्या, गवतात साप असू शकतात. आणि शेतातल्या, बाजारातल्या माणसांचे फोटो काढण्याआधी त्यांना विचारा.

गोरेगाव लांब असेल, तर आपल्याच गावात सुरुवात करा. ऊस, कापूस, कांदा, मासळी, द्राक्षं, जे तुमच्याकडे पिकत असेल ते पकडा आणि त्याच्या मागोमाग एक दिवस फिरा. त्याला पाणी कुठून येतं, आणि त्या पाण्याची काळजी कोण घेतं, एवढं मात्र विचाराच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "कुणीच नाही" असं आलं, तर वर्गात बाईंना सांगा, घरी आजोबांना सांगा. गोष्ट तिथूनच सुरू होते.